भोयरबाईंची नदी

संस्थेतून कार्ड आलं आहे. जाड, गुळगुळीत, कोपऱ्यात सोनेरी मासा. येत्या शनिवारी संस्थेच्या सभागृहाला इनामदार सरांचं नाव द्यायचं आहे, सर स्वतः येणार आहेत, जुन्या सेवकांनी अगत्य यावं. कार्ड घेऊन आलेल्या शिपायाला मी म्हटलं, "पाटी लागली का रे?" त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. संगमरवरी पाटी. वर सरांचं नाव आणि खाली ओळ, 'कच्छमधील प्राचीन नदीचा शोध लावणारे थोर संशोधक'.

मी चौथी पास. पण पाटी वाचता येते, आणि ती नदी कुणाची हेही मला ठाऊक आहे. ती भोयरबाईंची. बाई मागच्या वर्षी गेल्या. पाटीला उत्तर द्यायला त्या आता येणार नाहीत, म्हणून मी लिहायला बसलो. शुद्धलेखन नातीनं बघितलंय. मजकुराला मी तिला हात लावू दिलेला नाही. ती म्हणाली, "आजोबा, जरा सौम्य करू का?" मी म्हटलं, सौम्य करायला तुझ्या आजीची आमटी आहे का ही?

बाईंचं नाव डॉ. कुसुम भोयर. यवतमाळकडच्या, पांढरकवड्याच्या. संस्थेत आल्या तेव्हा तिशीच्या असतील. सुती साडी, हातात रेक्झिनची पिशवी, पायात पुरुषांसारखे बूट. मी त्या वेळी दगडमातीच्या खोलीवर होतो. कच्छहून पोत्यांनी माती यायची. ती टबात भिजवायची, चाळणीवर धुवायची, वाळवायची आणि उरलेला चुरा ताटलीत पसरून द्यायचा. त्या चुऱ्यात जुन्या माशांचे दात असायचे. लाखो वर्षं काय, कोटींत मोजायचा मामला. काही तिळाएवढे, काही अंगठ्याच्या नखाएवढे.

बाई खोलीत आल्या आणि त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता तोंडाकडे बघितलं. मी काहीतरी बोलत होतो. मला मधेच थांबवून म्हणाल्या, "तुम्ही पुण्याचे नाही."

मला राग आला. पुण्यात येऊन मला बरीच वर्षं झाली होती. "कशावरून?"

"दातावरून. तपकिरी पट्टे आहेत. लहानपणी खोल विहिरीचं जड पाणी प्यालेत तुम्ही. कुठले?"

"किनवटच्या बाजूचा."

"घ्या! मंग आपल्याच बाजूचे झाले ना जी तुम्ही!" असं म्हणून बाई हसल्या, आणि बघतो तर त्यांच्याही दातांवर तेच पट्टे. नंतर कितीतरी जणांनी त्यांना सुचवलं, दातांवर पांढरं बसवून घ्या, आता सोपं आहे. बाई म्हणायच्या, "कायले? माझ्या गावची विहीर आहे ती. तोंडात घेऊन फिरते मी."

त्यांचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत होतं, आणि ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. दात तयार होत असतो तेव्हा भोवतालच्या पाण्याची खूण त्यात बसते. समुद्राच्या पाण्याची खूण वेगळी, नदीच्या गोड्या पाण्याची वेगळी. वरचं चकचकीत कवच एकदा घट्ट झालं की दार बंद. मग तो दात कोट्यवधी वर्षं चिखलात पडू द्या, आतली खूण तशीच. त्या कवचाला बाई 'चकाकी' म्हणायच्या. खालचं मूळ मात्र भुसभुशीत, पावासारखं. ज्या चिखलात पुरलं जाईल त्या चिखलातलं पाणी ते पीत राहतं. "चकाकी सांगते मासा कुठं जगला, आन् मूळ सांगते मासा कुठं पुरला," बाई म्हणायच्या. "माणसाचंही तसंच आहे मारोतराव, पण त्यात आपण पडायचं नाही."

मारोतराव. संस्थेत मला 'राव' लावणारं दुसरं कुणी नव्हतं. इनामदार सर लांबूनच हाक मारायचे, "ए मारुती." माझं नाव मारोती. ते शेवटपर्यंत त्यांना आलं नाही.

इनामदार सर आमच्या विभागाचे प्रमुख. गोरे, उंच, बोलण्यात साखर. त्यांचे दात पांढरेशुभ्र, एका मापाचे. बसवून घेतलेले. बाई मला हळूच म्हणायच्या, "यांचं पाणी कुठलं ते कळायला मार्गच ठेवला नाही बाप्पा यांनी."

बाईंच्या सवयी विचित्र होत्या. कामाच्या खोलीत फरसाण आणलेलं चालायचं नाही, बोटाचं मीठ दाताला लागतं म्हणून. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला साबणानं हात धुवायला लावायच्या. एकदा संचालकसाहेब आले, त्यांनाही नळ दाखवला. चहा उभ्यानं प्यायच्या आणि तोही खोलीच्या बाहेर. रागावल्या की आवाज खाली जायचा. मोठ्यानं बोलल्या म्हणजे काळजी नाही, कुजबुजल्या म्हणजे समोरच्यानं वाट धरावी.

मासळी बाजारातली त्यांची खरेदी बघण्यासारखी असायची. जुन्या दातांशी ताडून बघायला आजचे दात लागायचे, एक समुद्रातल्या माशाचे, एक गोड्या पाण्यातल्या. म्हणून त्या मुशी घ्यायच्या, म्हणजे समुद्रातला लहान शार्क, आणि धरणातली मरळ. त्यांना हवं असायचं फक्त डोकं.

"डोकंच? आणि मासा काय मी पुरू?" कोळीण म्हणाली.

"मासा यांना द्या," बाईंनी मला पुढे केलं.

"हे तुमचे मालक का?"

"नाही. हे माझे साहेब आहेत."

कोळीण हसून हसून दमली. माझी बायको महिन्यातून एकदा मुशीचं कालवण करताना म्हणायची, भलं होवो तुमच्या विभागाचं. बाई मात्र ती डोकी खोलीत उकळत बसायच्या. वास सरांच्या केबिनपर्यंत जायचा. सर नाकाला रुमाल लावून दारात आले, "मॅडम, आपण संशोधन करताय की खानावळ चालवताय?"

"बसा ना सर," बाई म्हणाल्या. "पण आधी हात धुवा."

सर बसले नाहीत. आत तरी कशाला येतील? त्या खोलीत काय चालतं, कसं चालतं, हे त्यांनी कधीही बघितलं नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा.

तर नदीचं असं झालं. कच्छच्या एका थरातले दात सगळे समुद्री माशांचे, म्हणून तिथं समुद्रच असणार असं सगळे धरून चालले होते. मुशीच्या जातीचे मोठे मासे, मग समुद्र नाहीतर काय? बाईंनी त्यातल्या एका दाताच्या चकाकीला बारीक भोक पाडलं, चिमटीएवढी भुकटी घेतली आणि दुसऱ्या शहरातल्या मशीनवर जाऊन तपासून आणली. परत आल्या त्या थेट माझ्या टबापाशी. कुजबुजत होत्या. मला वाटलं कुणावर तरी रागावल्यात.

"मारोतराव, गोडं पाणी आहे."

"कुठं?"

"दातात. हा मासा नदीत वर चढून आला होता. तिथं समुद्र मागून आला. आधी नदी होती, मोठी नदी!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नळ बंद केला, कारण अशा वेळी नळ चालू असलेला बरा दिसत नाही.

एका दातावर कोण विश्वास ठेवणार? बाईंनी ठरवलं, पुरेसे दात तपासून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. त्या दात निवडून कप्प्यात साठवत गेल्या. कप्प्याला कुलूप, किल्ली माझ्याकडे. सरांना एवढंच ठाऊक होतं की भोयर काहीतरी मोठं धरून बसली आहे.

मग बाईंची आई अंथरुणाला खिळली आणि त्या पांढरकवड्याला गेल्या. त्याच आठवड्यात सर माझ्यापुढे उभे. "मारुती, तो कप्पा उघड."

मी म्हटलं, "बाई आल्या की उघडतील."

"अरे, कप्पा संस्थेचा आहे."

"किल्ली माझ्या खिशात आहे."

सरांनी ऑफिसातून दुसरी किल्ली मागवली आणि माझ्यासमोर कप्पा रिकामा केला. निम्मे दात नेले. बाहेरच्या कुठल्यातरी प्रयोगशाळेला पाठवले. घाई होती, परदेशचे पाहुणे यायचे होते, मोठी परिषद होती. बाईंच्या आधी आपण सांगून मोकळं व्हायचं, एवढाच हिशोब.

आईचं सगळं आटोपून बाई आल्या. कप्पा बघितला. मी जे घडलं ते सांगितलं. मला वाटलं, आता रडतील नाहीतर सरांच्या केबिनचं दार फोडतील. बाईंनी एकच विचारलं, "दात कसे तपासायला दिले? भोक पाडून की दळून?"

"दळून म्हणे. अख्खेच्या अख्खे."

बाई स्टुलावर बसल्या. मुळासकट दळले म्हणजे काय झालं, हे माझ्या आधी त्यांच्या ध्यानात आलं होतं. चकाकी असते थोडी, मूळ भारी. त्या नदीवर पुढे समुद्र चढला होता, आणि दातांची मुळं तो समुद्रच पीत राहिली होती. अख्खा दात दळला की मुळातलं पाणी बोलणार. मशीन सांगणार, समुद्र.

मी म्हटलं, "बाई, तक्रार करा. मी साक्ष देतो."

"तक्रार केली की चौकशी. चौकशीले कोण बसन? तेच." मग हसल्या, पट्टेवाले सगळे दात दिसले. "पाहून राहिले ना मी. जाऊ द्या त्याइले स्टेजवर."

लोक मला पुढे म्हणाले, बाईंनी सरांना आधी सावध करायला हवं होतं, संस्थेची अब्रू गेली. मी विचारतो, कप्पा उघडताना सरांनी बाईंना सावध केलं होतं का?

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हेच सभागृह, ज्याला आता नाव देतायत. मी मागे पाण्याच्या बाटल्यांजवळ उभा. सर तासभर बोलले. पडद्यावर आलेख, रंगीत ठिपके. सारांश हा की कच्छच्या त्या थरात खुला, खोल समुद्र होता, दातांच्या रसायनानं ते कायमचं सिद्ध झालं आहे. टाळ्या. बाई पहिल्या रांगेतून उठल्या. आवाज इतका खाली गेला होता की माइक द्यावा लागला.

"सर, भुकटी चकाकीची घेतली की मुळाची?"

सर हसले. "मॅडम, दाताची घेतली."

पुढच्या रांगेत बसलेला एक म्हातारा परदेशी पाहुणा शेजाऱ्याकडे वळला. शेजाऱ्यानं त्याला इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळावर हात ठेवला. मग तिकडून एक हसला, इकडून एक हसला. ज्यांना हे काम येत होतं ते सगळे हसले आणि ज्यांना येत नव्हतं ते त्यांच्याकडे बघून हसले. सरांना अजून कळलं नव्हतं. ते पण हसत होते! माझ्या आयुष्यात मी लग्नं बघितली, जत्रा बघितल्या, नातवंडं बघितली. तसा आनंद दुसरा नाही.

बाई खाली बसल्या नाहीत. "अजून एक प्रश्न आहे, सर. हे दात कुणाच्या कप्प्यातले?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि चहा जाहीर केला.

त्यानंतर पुण्यात कुणी काही अर्धवट केलं की विभागातली पोरं म्हणायची, "दाताची घेतली." मशीन बिघडलं, दाताची घेतली. परीक्षेत नापास, दाताची घेतली. सर व्हरांड्यातून जाताना बोलणं थांबायचं, आणि ते थांबलेलं बोलणं कुठलं हे सरांना ऐकू यायचं.

सरांनी उट्टं फेडायचं ते फेडलं. आम्हाला जिन्याखालची खोली मिळाली, तिथं नळ नव्हता. मशीनवर बाईंचा नंबर कधी लागलाच नाही. बढतीच्या प्रत्येक वेळी कुणी धाकटा पुढे गेला. बाईंनी उरलेल्या दातांवर, मिळेल तिथं हातापाया पडून, नदीचं काम पुरं केलं आणि छापलं. पण लहान जागी छापलं, लहान नावानं. कुणी वाचलं, कुणी नाही.

पण बाईंनीही पाठ सोडली नाही. इनामदार सरांचं व्याख्यान पुण्यात कुठंही असो, बाई पहिल्या रांगेत. जवळ बामाची रिकामी डबी असायची, आत कापूस आणि कापसावर तो पहिला दात, भोक पाडलेला. सर बोलायला उभे राहिले की बाई डबी उघडून दात समोर ठेवायच्या. खुर्चीच्या हातावर नाहीतर मांडीवरच्या रुमालावर. बस्स. प्रश्न विचारायच्या नाहीत. भुवईसुद्धा हलवायच्या नाहीत.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं हडपसरलाच राहायला होतो, त्यामुळे बरोबर जायचो. एकदा खराडीच्या एका आयटी कंपनीत सरांचं भाषण होतं. बस बदलत गेलो. दारावरचा पोरगा म्हणाला, "मॅम, तुमचं रजिस्ट्रेशन आहे का? अ‍ॅक्चुअली सीट्स लिमिटेड आहेत."

"मी सरांची जुनी सहकारी आहे."

"ओह, सो स्वीट! सरांना सरप्राइज?"

"हो," बाई म्हणाल्या. "दरवेळी होतं त्यांना."

त्यानं आम्हाला अगदी मधोमध बसवलं, गार पाणी दिलं. सर आले, छान बोलत होते, आयटीची पोरं खूश. बाईंनी डबी उघडली. सर बोलता बोलता अडखळले. पडद्यावर कच्छचं चित्र आलं होतं, ते त्यांनी पटकन पुढे ढकललं, मग चुकून मागे नेलं, मग पाणी मागितलं. बाई पुतळ्यासारख्या. भाषण वेळेच्या कितीतरी आधी संपलं. परत येताना बसमध्ये त्यांनी मला शेंगदाणे दिले. "मारोतराव, आज मला भारी भूक लागली."

मी एकदा विचारलं होतं, किती दिवस हे? बाई म्हणाल्या, "कप्प्याच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत."

उत्तर आलं नाही, नदी मात्र गेली. सरांचं बाहेर पडणं कमी झालं तशी त्यांनी आठवणींची पुस्तकं लिहायला घेतली. तोवर बाहेरदेशीही लोकांनी चकाकी तपासून पाहिली होती आणि तिथं नदी होती हे सगळ्यांना पटलं होतं. सरांच्या पुस्तकात काय यावं? 'कच्छची ती प्राचीन नदी आम्ही शोधली.' आम्ही! ज्यानं स्टेजवरून समुद्र सांगितला त्यानं म्हातारपणी नदी पण पिऊन टाकली. बाईंचं नाव एका जागी आहे. साहाय्य केलेल्यांत, टंकलेखकाच्या खाली.

मी ते पुस्तक बाईंकडे घेऊन गेलो. तेव्हा त्या आजारी होत्या. हडपसरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेल्या, पार वाळून गेलेल्या. पान वाचलं, पुस्तक मिटलं, पायाखाली ठेवलं. पाय खरंच त्यावर ठेवले. म्हणाल्या, "उंची बरी आहे."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही सांगा, मी जातो त्याच्या घरी. दारात उभा राहून सांगतो सगळ्या सोसायटीला."

"नाही जी. ओरडल्यानं दार उघडतं, तोंड उघडत नाही." मग त्यांनी उशाखालून बामाची डबी काढली. "हा दात संस्थेचा आहे. मी आयुष्यात कुणाच्या कप्प्यातलं ठेवून घेतलं नाही. हा परत करायचा आहे. माझ्यानं आता होत नाही. तुम्ही नेऊन द्या."

"इनामदारला?"

"संस्थेले," बाई कुजबुजल्या. म्हणजे राग अजून जागचा हलला नव्हता.

मी खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि वर बघितलं. बाई बाल्कनीत उठून उभ्या राहिल्या होत्या, कठड्याला धरून. दुसऱ्या हातात पेरू. डॉक्टरांनी कडक काही खायचं नाही म्हणून बजावलेलं. माझ्याकडे बघत त्यांनी त्या पेरूचा असा कचकन लचका तोडला की रस्त्यापलीकडे मला तो ऐकू आल्यासारखा वाटला. आणि तोंड भरलेलं असताना हसल्या. पट्ट्यांचे दात उन्हात दिसले. तेवढंच मी शेवटचं बघितलं.

दात मी अजून परत केलेला नाही. वर्ष झालं, डबी माझ्या देवळीत आहे. बायको म्हणते, देऊन का टाकत नाही? मी म्हणतो, बाईंनी नेऊन द्यायला सांगितलंय. कधी आणि कुणासमोर, ते माझ्यावर सोडलंय.

कार्ड आल्यापासून मी कोट इस्त्रीला दिला आहे. शनिवारी लवकर निघणार. जुने सेवक मागे बसतात, मी पहिल्या रांगेत बसणार. उठवायला कुणी आलं तर कार्ड दाखवणार, त्यावर 'अगत्य' लिहिलंय. सर बोलायला उभे राहिले की डबी उघडून दात रुमालावर ठेवीन, चकाकी वर करून. ते मला ओळखणार नाहीत. दाताला ओळखतील. आणि कार्यक्रम संपला की सगळ्यांदेखत जाऊन तो दात त्या संगमरवरी पाटीच्या खाली ठेवीन. संस्थेची वस्तू संस्थेला पोचली.

मी प्रश्न विचारणार नाही. बाईंनी विचारलेला आहे. मी फक्त उत्तरासाठी बसणार आहे, आणि या वेळी चहा जाहीर झाला तरी उठणार नाही.